जोड न बघता लावलेली कुस्ती

कोल्हापुरात कुणाला कॅन्सर झाला की बघायला आलेला माणूस शहाळं खाली ठेवतो, पलंगाच्या कडेला टेकतो आणि म्हणतो, "काय हुत न्हाई मामा, चितपट करा त्येला!" पुढं मामा गेले, तर चौकातल्या फलकावर ओळ येते, 'कर्करोगाशी झुंज अपयशी'. म्हणजे माणूस गेला तो गेलाच, वर हरलाही.

तालमींच्या गावात हे शब्द आपसूक तोंडात येतात. पण कुस्ती नसलेल्या मुलखातही भाषा तीच. १९७१ साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी कर्करोग संशोधनाच्या कायद्यावर सही केली, तो कायदा आजही 'कर्करोगाविरुद्धचं युद्ध' म्हणूनच ओळखला जातो.

अशा बोलण्यानं खरंच काही बिघडतं का? डेव्हिड हाउजर आणि नॉर्बर्ट श्वार्झ या मानसशास्त्रज्ञांनी ते तपासून पाहिलं. २०१५ सालच्या त्यांच्या अभ्यासात, कर्करोगाबद्दल युद्धाच्या भाषेत वाचलेल्या लोकांची स्वतःला आवर घालणारी पथ्यं पाळायची तयारी घटलेली दिसली. विचार केला तर पटतं. लढायचं म्हणजे चालून जायचं; तंबाखूची पुडी खिशातच ठेवणं ही कसली लढाई? त्यांच्या नंतरच्या अभ्यासात तर या भाषेमुळं उपचारही जास्त अवघड वाटू लागल्याचं आढळलं.

तरी झुंजीची भाषा सरसकट मोडीत काढू नये. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठात भाषाशास्त्रज्ञ एलेना सेमिनो आणि सहकाऱ्यांनी रुग्ण, घरचे आणि डॉक्टर-नर्स यांच्या कर्करोगाबद्दलच्या बोलण्या-लिहिण्यातले सुमारे १५ लाख शब्द चाळले. 'मी लढवय्या आहे' म्हणताना एखाद्याला बळ येतं. दुसऱ्याला, आजार वाढल्यावर, आपणच कमी पडलो असं वाटतं. 'प्रवास' हा शब्द सौम्य वाटतो, पण तोही कुणाला धीर देतो, तर कुणाला नको असलेल्या वाटेवर ढकलल्यासारखा वाटतो. म्हणून पेशंट स्वतः कोणता शब्द वापरतो ते आधी ऐकावं.

आपल्या मराठीत एक चांगली सोय आहे. इंग्रजी वैद्यकीय बोलीत केमोचा गुण आला नाही तर 'पेशंट फेल झाला' असं सर्रास म्हणतात. आपण म्हणतो, 'रोग औषधाला दाद देत नाही.' हट्टी कोण, तर रोग. पेशंटच्या नावावर काही चढत नाही.

आणि कुस्तीचीच भाषा वापरायची, तर ती पुरी वापरावी. कोल्हापुरातल्या खासबाग कुस्ती मैदानात जोड ठरवताना वजन बघतात, तयारी बघतात. विजोड कुस्तीत पडलेल्या पोराला कुणी नावं ठेवत नाही. आजारात जोड कोण बघतो?

शिवाय प्रत्येक कुस्ती निकाली होत नाही. इमॅटिनिब ही गोळी २००१ साली अमेरिकेत मंजूर झाली. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात ती बिघडलेल्या पेशींना सतत वाढायला लावणारं प्रथिन अडवते. बऱ्याच पेशंटांचा आजार तिच्यामुळं वर्षानुवर्षं आटोक्यात राहतो. अशा माणसाला "जिंकलास का?" विचारलं तर तो काय सांगणार? मैदानात बरोबरीत सुटलेले दोन गडी अंगावरची माती झटकून आपापल्या गावी जातात. इथं दोघांचा मुक्काम एकाच अंगात. जेवण झालं की पेलाभर पाण्याबरोबर गोळी घ्यायची आणि कामाला लागायचं.