भुताच्या ट्रेलरला अंगाई आली कुठून?

नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या वाड्याची माडी, एक लॅपटॉप आणि आम्ही तिघं. शॉर्टफिल्म भुताची, ट्रेलर दीड मिनिटाचा. एडिट करणाऱ्या पोराने आधीचा सगळा ढणढणाट काढला आणि खाली पाळण्याचं गाणं टाकलं. आवाज त्याच्या आजीचा, मोबाइलवर घेतलेला. दुसरा फिसकन हसला, "काय बे, हे तं बारशाचं वाटून राहिलं!" मग अंधारी मोरी, बादलीतलं थरथरणारं पाणी, दाराची हलणारी कडी. कडीपर्यंत त्याचं हसू गेलं होतं.

ही युक्ती बोलपटाइतकीच जुनी. फ्रिट्झ लांगचा जर्मन चित्रपट 'एम' (१९३१) सुरू होतो तो अंगणात गोल करून खेळणाऱ्या मुलांच्या गाण्याने. गाण्यात खुनी आहे, आणि पोरं ते मजेत म्हणताहेत. पुढे तो खुनी संगीतकार ग्रीगची एक प्रसिद्ध धून शिट्टीवर वाजवतो. फुगे विकणारा आंधळा त्या शिट्टीवरूनच त्याला ओळखतो.

माझ्या मते या प्रकाराचा कळस हिचकॉकच्या 'द बर्ड्स'मध्ये (१९६३) आहे. चित्रपटाला रूढ पार्श्वसंगीतच नाही. नायिका शाळेबाहेर बाकावर सिगारेट ओढत बसली आहे. आतून मुलांचं गाणं येतंय, कडव्यामागून कडवं. तिच्या पाठीमागे खेळाच्या सांगाड्यावर एक कावळा, मग काही, मग थवा. गाणं काही संपत नाही. पाच वर्षांनी 'रोझमेरीज बेबी'च्या आरंभी संगीतकार कोमेडाची अंगाई आली, गुणगुणली होती खुद्द नायिका मिया फॅरोने.

फ्रेंच अभ्यासक मिशेल शियाँ यांनी पडद्यावरच्या दुःखाशी देणंघेणं नसलेल्या अशा संगीताला वेगळं नावच दिलं. मराठीत त्याला बेपर्वा संगीत म्हणू. भीती त्या बेपर्वाईची असते. गोडवा हे नुसतं निमित्त.

आपल्याकडे वाट वेगळी होती. 'महल' (१९४९) किंवा 'बीस साल बाद' (१९६२) यांत गोड गाणं हीच हाक असे. नायक त्या आवाजामागे चालत जाई. त्यामुळे हवेलीत लांबून आलेला बाईचा आलाप आता विसंगत वाटतच नाही, तो सरळ भुताची पाटी होऊन बसलाय. आजीचा खरखरीत आवाज चालून गेला तो म्हणूनच.

नागपूरकराला खरं तर विसंगती नवी नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत काळी-पिवळी मारबत निघते, १८८०च्या दशकापासून. अक्राळविक्राळ पुतळे, पुढे ताशे, संदल, आता डीजे, आणि "घेऊन जा गे मारबत"चा गलका. कडेवरची लेकरंही तिथे घाबरत नाहीत. कारण वाजंत्री आपल्या बाजूची असते. ट्रेलरमधलं गाणं कोणाच्याच बाजूचं नसतं.

ट्रेलरवाल्यांनी हे हेरलं. 'द सोशल नेटवर्क' (२०१०) भुताचा नव्हे, पण त्याच्या ट्रेलरमधल्या 'क्रीप' या रॉक गाण्याच्या संथ समूहगायनानंतर ओळखीची गाणी मंद करून वापरायची लाटच आली. 'अस' या भयपटाच्या ट्रेलरने (२०१८) १९९५चं एक रॅप गाणं असंच ताणून भयाण केलं. पुढे इतकं झालं की मंद बालगीत ऐकू आलं की प्रेक्षक आधीच सावरून बसतो.

आमच्या पोराने म्हणून गाणं मंद केलंच नाही. आजीची लय होती तशी ठेवली, मधली खोकल्याची उबळसुद्धा. फक्त शेवटच्या ओळीत, सम यायच्या अर्धी मात्रा आधी, आवाज तोडला आणि पडदा काळा. कान समेची वाट पाहत राहतो, ती येत नाही. त्या तीन सेकंदांच्या शांततेसाठी पोरगं रात्रभर जागलं.

सकाळी आजीला दाखवलं. मोरी, कडी, बादली काहीच तिच्या डोळ्यांत भरलं नाही. म्हणाली, "पुढचं कुठं गेलं रे बाप्पा? अजून एक कडवं हाय ना."