शाळेतलं प्रेम दिसलं म्हणून तो किशोरांचा सिनेमा होत नाही

सोलापुरात पार्क चौपाटीवर कुणी ‘शाळेतल्या प्रेमाचा पिक्चर आलाय बे’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘टाइमपाससारखा की सैराटसारखा?’ आणि त्याचं उत्तरही ठरलेलं: ‘एकच की!’ एकच कसं? मी समीक्षक नाही, सुट्टीच्या दिवशी मिळेल ते बघणारा साधा प्रेक्षक आहे. पण हा घोळ ऐकून ऐकून कान किटले, म्हणून एकदा लिहून टाकतो.

पडद्यावर गणवेश, सायकल, दोन वेण्या आणि चिठ्ठी दिसली की लोक त्याला ‘यंग अडल्ट’ म्हणून मोकळे होतात. हे लेबल इंग्रजी पुस्तकांच्या दुकानातून आलं. साधारण बारा ते अठरा वयाच्या वाचकांसाठी लिहिलेली पुस्तकं आणि त्यांच्यावर निघालेले सिनेमे. मी त्याला सरळ किशोरांचा सिनेमा म्हणतो. अगदी त्याच्यासारखा दिसणारा दुसरा प्रकार म्हणजे किशोरवयाच्या आठवणींचा सिनेमा. दोन्हींत शेंगदाणेच असतात, पण शेंगाचटणी मागितल्यावर ताटात दाण्याचं कूट वाढलं तर सोलापूरकर पानावरून उठेल. इथे मात्र तोच माणूस मुकाट्याने खातो.

आठवणींचा सिनेमा तुम्हाला पाठ आहे, त्यावर जास्त शाई घालवत नाही. जुनं दशक, चाळ किंवा छोटं गाव, लँडलाइनचा फोन, कडक बाप, एक वात्रट मित्र. मराठीत याचं पीक जोरात आलं ते ‘शाळा’, ‘बालक-पालक’ आणि ‘टाइमपास’च्या काळात. २०१२, २०१३ आणि २०१४, तिन्ही जानेवारीत, म्हणजे आपल्याकडे सिद्धेश्वर यात्रेच्या, ऐन गड्ड्याच्या महिन्यात. तिन्ही चालले, आणि तिथून पुढे गणवेश घातलेलं काहीही याच रांगेत उभं करायची सवय लागली.

आता लोक जे फरक मोठ्या तावातावाने सांगतात ते आधी झटपट निकालात काढू. सेन्सॉरचा दाखला? त्याने काही ठरत नाही. २०२३ च्या कायद्यातल्या दुरुस्तीनंतर यूएचे (म्हणजे मुलांनी पालकांच्या देखरेखीखाली बघायच्या दाखल्याचे) ७+, १३+ आणि १६+ असे तुकडे झाले, पण ते सांगतात की हा सिनेमा कुणाला दाखवायला हरकत नाही. तो कुणासाठी काढलाय हे त्यांना विचारू नका. नटांचं वय? तेही नाही. १९७८ च्या ‘ग्रीस’ या हॉलिवूडपटातल्या शाळकरी रिझोचं काम करताना स्टॉकर्ड चॅनिंग तेहतीस वर्षांची होती, आणि तरी लोकांनी तो डोक्यावर घेतला. (आपल्याकडे दाढीची निळी सावली दिसणारा गडी बारावीचा फॉर्म भरतो, ते मला बघवत नाही. पण ती माझी वैयक्तिक चीड झाली.) आणि बजेट? त्याच्याकडे शेवटी येतो, कारण तिथे वेगळाच गोंधळ आहे.

खरा फरक एकच: गोष्टीतल्या पोराला जे माहीत नाही, ते आपल्याला माहीत आहे का?

आठवणींच्या सिनेमात आपण कायम पोराच्या पुढे असतो. तो चिठ्ठी लिहितो, घाम पुसतो, मित्राला मधे घालतो, आणि आपण गालात हसतो. का हसतो? हे वय सरणार, हा मुलगा पुढे नोकरीला लागणार, लग्न करणार आणि कधीतरी या चिठ्ठीवर स्वतःच हसणार, हे आपल्याला ठाऊक असतं म्हणून. ‘बालक-पालक’ तर हे उघडच करतो. आजचे आई-बाप स्वतःच्या मुलाच्या निमित्ताने मागे वळून बघतात आणि मग गोष्ट सुरू होते. ज्याला मागे वळून बघता येतं तो त्यातून सुखरूप पार पडलेला असतो. त्यामुळे गोष्टीत कितीही रडारड झाली तरी प्रेक्षकाच्या पोटात गोळा येत नाही. येतो तो गोड हुंदका. वाईट काहीच नाही त्यात, मलाही तो येतो.

किशोरांच्या सिनेमात ही सोय नसते. त्यात पोराला जेवढं कळतं तेवढंच आपल्याला कळतं. पंधराव्या वर्षी ‘हे वय सरेल’ हे माहीतच नसतं. जे चाललंय तेच कायमचं वाटतं. अपमान झाला तर तो जन्मभराचा, प्रेम जडलं तर तेही. जिवावरच्या खेळात ढकललेल्या पोरांची गोष्ट सांगणाऱ्या ‘हंगर गेम्स’ची मूळ कादंबरी पहिल्यापासून शेवटपर्यंत तिच्या नायिकेच्या, कॅटनिसच्याच तोंडून आणि वर्तमानकाळात आहे. ‘मी पळते, मी थांबते’ अशी. ‘मी पळाले’ म्हटलं असतं, तर ती वाचली हे पहिल्याच पानावर कळलं असतं. या प्रकाराचा सगळा जीव या एवढ्याशा व्याकरणात आहे.

माझी भाची दहावीत आहे. मध्यंतरी तिला असाच एक नव्वदच्या दशकातला शाळापट दाखवायला बसवलं. मी आणि ताई हसून हसून लोळतोय आणि ही बया मोबाइल चाळतेय. संपल्यावर विचारलं, कसा वाटला? म्हणाली, “मामा, ह्यात तुम्ही सगळे आहात. मी कुठंय?” लेखाचं अर्धं काम तिथंच झालं होतं.

‘फँड्री’ घ्या. गावातली डुकरं पकडायचं काम शाळकरी नायक जब्याच्या घरावर आलंय, शाळेतली पोरं कडेला जमून मजा बघतायत, आणि ज्या मुलीसमोर आपण हे काम करताना दिसू नये म्हणून तो जीव तोडून लपतोय, तीही तिथेच आहे. अशात शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या ताठ उभा राहतो, मागोमाग त्याचं घरदार. हाताशी आलेलं डुक्कर समोर, आणि माणसं पुतळ्यासारखी उभी. इथे थिएटरात कुणी हसलंच तर ते हसू घशात अडकतं. मोठेपणी जब्या हे कुणाला चहा पिताना रंगवून सांगेल, असं त्या क्षणी मनातही येत नाही. शेवटी तो दगड भिरकावतो आणि तो सरळ कॅमेऱ्याकडे येतो, म्हणजे आपल्याकडे. आठवणींच्या सिनेमात प्रेक्षकाला कुणी दगड मारत नाही, तिथे प्रेक्षक पाहुणा असतो.

‘सैराट’ला लोक ‘टाइमपास’च्या शेजारी बसवतात तेव्हा मला राग येतो तो याचमुळे, आणि करमाळा-अकलूज आपल्याच जिल्ह्यातलं म्हणून जरा जास्तच येतो. पूर्वार्ध बघून फसायला होतं, मान्य. विहीर, ट्रॅक्टर, बुलेट, झिंगाट. पण गाडी हैदराबादला पोचली की बघा. झोपडपट्टीतली खोली, आर्चीला येत नसलेला स्वयंपाक, घराची आठवण, मग परशाचा संशय आणि त्याने उचललेला हात. पोरं पळून गेली की गोष्ट संपते असं मानणाऱ्या प्रेक्षकाला इथे कुणी पुढचं सांगत नाही, कारण त्या दोघांनाच ते ठाऊक नाही. आणि शेवट? आठवण सांगायला मागे कुणीतरी उरावं लागतं. इथे उरतं ते बोलताही न येणारं लेकरू. त्याच्या पावलांवरून जे कळायचं ते कळतं, आणि गाण्याविना पडदा काळा होतो. ‘टाइमपास’चा दगडू आवडता आहे माझा, पण त्या गोष्टीत असलं काही होणार नाही याची हमी पहिल्या दहा मिनिटांत मिळालेली असते.

‘शाळा’ मात्र कुंपणावर बसलाय, आणि त्यावर वाद घालायला मला आवडेल. मिलिंद बोकीलांच्या कादंबरीत सांगणारा नववीतला मुकुंदच आहे, मोठेपणीचा कुणी मधे येत नाही. म्हणजे हा किशोरांचा हवा. पण काळ आणीबाणीचा. बाहेर देशात काय चाललंय ते त्या पोराला अर्धवट कळतं, आपल्याला पूर्ण. तेवढ्याने आपण पुन्हा त्याच्या एक पायरी वर जाऊन उभे राहतो. मी सिनेमाला आठवणींच्या बाजूला टाकतो आणि पुस्तकाला किशोरांच्या. भाचीला पुस्तक दिलं, ते तिने परत केलेलं नाही.

एक तिसरा प्रकारही यात ओढला जातो, बालचित्रपटाचा. तो वेगळा काढणं सोपं आहे. ‘एलिझाबेथ एकादशी’ बघा. पंढरपूर, एकादशीची गर्दी, आईचं कर्ज आणि विकली जाऊ नये म्हणून वाचवायची सायकल. मुलांसमोरची अडचण खरी आहे, पण मोठ्यांच्या जगावरचा त्यांचा विश्वास शेवटपर्यंत शाबूत राहतो. राष्ट्रीय पुरस्कारही त्याला बालचित्रपटाचाच मिळाला, आणि बरोबर मिळाला. हा विश्वास जिथे तुटतो तिथे बालचित्रपट संपतो. यावर कुणाचं फार अडू नये.

आता बजेट. ‘नवी पोरं आहेत, शाळेत शूटिंग आहे, म्हणजे कमी बजेटचा यंग अडल्ट’ हे वाक्य मी चांगल्या शिकल्यासवरलेल्या माणसांच्या तोंडून ऐकलंय. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पहिल्या ‘हंगर गेम्स’ला जवळपास ८ कोटी डॉलर लागले. ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’ सव्वा कोटीच्याही आत झाला. दोन्ही पक्के किशोरांचे. ‘पॅरानॉर्मल अॅक्टिव्हिटी’ हा भयपट १५ हजार डॉलरमध्ये, दिग्दर्शकाच्या स्वतःच्या घरात झाला, आणि त्यात शाळकरी पोर औषधालाही नाही. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू मंडळींना हे सांगावं लागत नाही. दिग्दर्शक तेजाचा ‘चित्रम’ २००० साली नवे चेहरे घेऊन आला होता, आणि त्या पोरांवर कोसळतं ते त्यांना त्याच क्षणी झेलावं लागतं. उलट आठवणींचा सिनेमा तुलनेने महागात पडतो. जुनी गाडी भाड्याने आणा, दुकानांच्या पाट्या बदला, रस्त्यावरचा प्रत्येक मोबाइल टॉवर चौकटीबाहेर ठेवा.

कमी पैशांत केलेला आणि स्वस्तात उरकलेला यांतला फरक तर कानालाच कळतो. पैसे कमी असतील तर खोल्या कमी घ्या, माणसं कमी घ्या, सूर्यप्रकाशात शूटिंग करा, माझी काही हरकत नाही. पण संवाद ऐकू आला पाहिजे. शेतात उभा असलेला माणूस डबिंगच्या बंद खोलीतून बोलतोय असं वाटलं की मी उठतो. ‘कमी बजेट आहे, सांभाळून घ्या’ म्हणणाऱ्यांनी तिकिटातही काही सांभाळून घेतलेलं मला आठवत नाही.

तर घरात दहा वर्षांचं पोर असेल तर ‘एलिझाबेथ एकादशी’ लावा आणि शेजारी बसा. चौदा-पंधराचं असेल तर आधी ‘फँड्री’, ‘सैराट’ त्याच्या नंतर, आणि शेवटच्या पाच मिनिटांत उठून पाणी प्यायला जाऊ नका, पोराला एकटं सोडू नका. ‘टाइमपास’ आणि ‘बालक-पालक’ आपल्या वर्गमित्रांच्या गेट-टुगेदरसाठी ठेवा. तिथे ते हमखास रंगतात.