जमिनीलगतच्या ओझोनचे मोजमाप : न मिटलेल्या वादाची पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकात पोटॅशियम आयोडाइड आणि स्टार्च लावलेला कागद हवेत टांगून त्याच्या निळेपणावरून ओझोनचा अंदाज बांधत असत. हा रंग दमटपणाने आणि वाऱ्यानेही बदलत असल्याने त्या नोंदींवर फारशी भिस्त ठेवता येत नाही. १८७६पासून पॅरिसच्या माँसूरी वेधशाळेत वेगळ्या रासायनिक पद्धतीने झालेल्या नोंदी त्या मानाने विश्वासार्ह आहेत.

ओझोन कोणत्या पद्धतीने मोजावा, या वादाला खरी धार आली ती १९७०च्या दशकात, अमेरिकेतील कॅलिफोर्नियात. पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणातून हवा सोडली की ओझोनमुळे आयोडीन मोकळे होते, द्रावण पिवळसर होते आणि त्या रंगाच्या गडदपणावरून ओझोनचे प्रमाण काढता येते. उपकरणांचे अंशांकनही, म्हणजे ज्ञात प्रमाणाशी ताडून त्यांची मोजपट्टी ठरवणेही, याच द्रावणावर होत असे. लॉस एंजेलिसची स्थानिक यंत्रणा बफर (द्रावणाची आम्लता स्थिर ठेवणारे मिश्रण) नसलेले द्रावण वापरी, तर राज्याची यंत्रणा फॉस्फेट बफर घातलेले; परिणामी दोघांचे आकडे जुळेनात. १९७१च्या राष्ट्रीय मानकाने ऑक्सिडीकारकांसाठी (ओझोन आणि त्याच्यासारखे ऑक्सिडीकरण करणारे वायू) एका तासाच्या सरासरीवर ०.०८ पीपीएम (दहा लाख भागांत ०.०८ भाग) ही मर्यादा घातली होती, तेव्हा शहराची हवा किती वेळा घातक ठरते हे याच आकड्यांवर ठरणार होते. अखेर तज्ज्ञ समितीने दोन्ही पद्धती अतिनील पद्धतीशी, म्हणजे ओझोन अतिनील प्रकाश किती शोषतो यावरून प्रमाण काढण्याच्या पद्धतीशी, ताडून पाहिल्या. राज्याची पद्धत सुमारे वीस ते तीस टक्के जास्त, तर शहराची किंचित कमी आकडा देत असल्याचे निघाले. यातील पहिली चूक दमटपणानुसार कमीजास्त होत असल्याने जुन्या नोंदी सरसकट एका गुणकाने दुरुस्त करणे समाधानकारक नाही. १९७९मध्ये देशपातळीवर अतिनील पद्धत अंशांकनासाठी स्वीकारली गेली, पण त्याच वर्षी मानक केवळ ओझोनपुरते करून मर्यादाही ०.१२ पीपीएमपर्यंत सैल केली गेली. दोन्ही बदल एकाच वेळी झाल्याने आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची तुलना आणखी अवघड झाली, आणि हे टाळता आले असते.

अतिनील पद्धतीचाही पाया सर्वस्वी पक्का नव्हता. पाऱ्याच्या दिव्याचा २५३.७ नॅनोमीटरचा प्रकाश ओझोन किती शोषतो, यासाठी १९६१मध्ये मोजलेले मूल्य सर्वत्र चालत आले. २०१९मध्ये सर्वसंमतीचे नवे मूल्य त्याहून सुमारे १.२ टक्क्यांनी कमी ठरले, आणि प्रमाण काढताना याच मूल्याने भागावे लागत असल्याने तीच हवा आता तेवढीच अधिक ओझोनयुक्त दिसणार.

भारतात २००९च्या मानकांनी अतिनील आणि रासायनिक प्रकाशमान (अभिक्रियेतून निघणारा प्रकाश मोजणाऱ्या) पद्धतींबरोबर रासायनिक पद्धतीलाही मान्यता दिली आहे, आणि ती बफरयुक्त आयोडाइडचीच आहे. सल्फर डायऑक्साइडमुळे तिचा आकडा खाली येतो. त्यामुळे आठ तासांच्या १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर या मर्यादेशी एखाद्या शहराची तुलना करताना त्याचा आकडा कोणत्या पद्धतीने आला, हे शेजारीच नोंदवले गेले पाहिजे.