पहिली बोअर कुणाच्या पैशाने?

जानेवारीत आमच्या शेजारच्या शिवारात बोअरगाडी आली. बेळगावच्या खानापूर तालुक्यात त्या दिवसांत सकाळी सातला बोलताना तोंडातून वाफ निघते. पाणाड्याने तळहातावर नारळ ठेवून जागा दाखवलेली, काकांनी उदबत्ती लावली आणि तामिळनाडूची ती गाडी खडखडत सुरू झाली. फुटामागे दर ठरलेला, केसिंगचे पैसे वेगळे. तीनशे फुटांनंतर नुसता राखाडी फुफाटा उडत राहिला. पाचशेला काकांनी हात वर केला. बोअर फेल. दोन दिवसांनी बांधापलीकडे दुसरी मारली, तिला ३८० फुटांवर पाणी लागले.

माझा भाचा त्या पाण्याखाली हात धरून म्हणाला, "मामा, पाणी कोमट हाय की! खाली लाव्हा हाय काय?"

शाळेत त्याला दख्खनचे पठार लाव्ह्याचे म्हणून शिकवलेले, त्यामुळे प्रश्न अगदी रास्त. उत्तर मात्र त्याला आवडले नाही. जमिनीत तीसेक फूट खाली गेले की ऋतूंचा फरक जवळपास संपतो. तिथे वर्षाच्या सरासरीइतके, म्हणजे आमच्याकडे चोविसेक अंश तापमान बारा महिने टिकून असते. थंडीत हाताला ते पाणी कोमट लागते आणि मे महिन्यात तेच गार. ३८० फूट खोलीमुळे त्यात भर पडली असेल ती जेमतेम दीड अंशाची. आणि लाव्हा? तो वाहिला सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. तेवढ्या काळात चुलीतला निखाराच काय, अख्खे पठार निवते.

पृथ्वीच्या पोटातली उष्णता निवालेल्या लाव्ह्याची नसते. ढोबळ मानाने निम्मी ती पृथ्वी घडतानाची शिल्लक आहे आणि निम्मी खडकांतल्या युरेनियम, थोरियम, पोटॅशियमच्या किरणोत्सर्गातून सतत तयार होते. जगाचा सरासरी हिशेब असा की दर किलोमीटरला २५ ते ३० अंश वाढ. पण आमची जमीन या हिशेबात बसत नाही. बेळगाव लाव्ह्याच्या थरांच्या दक्षिण काठावर आहे. या थरांखाली गोकाकचा धबधबा ज्याच्यावरून पडतो तसला जुना वालुकाश्म, आणि त्याच्याही खाली धारवाडचा अडीचशे कोटी वर्षांहून जुना खडक. असे म्हातारे खडक थंड असतात. याचा पुरावा कर्नाटकातच आहे. कोलारच्या सोन्याच्या खाणी तीन किलोमीटरपेक्षा खोल गेल्या होत्या आणि तिथला खडक भरला ६५ अंशांच्या आसपास. वरचे २८ वजा केले तर किलोमीटरला बारा-तेरा अंश, म्हणजे जगाच्या सरासरीच्या निम्मे. या उष्णतेवर परवडेल अशी वीज करायला साधारण शंभर अंशांचे पाणी हवे धरले, तर आमच्याकडे सहा किलोमीटर खाली जावे लागेल. एवढ्या खोलवर जाऊन आणलेल्या विजेपेक्षा सौंदत्तीच्या डोंगरावरच्या पवनचक्क्या शंभरदा परवडल्या.

मग बेळगावच्या माणसाने भूऔष्णिक, म्हणजे जमिनीच्या पोटातल्या उष्णतेच्या, ऊर्जेची फिकीर का करायची? एक तर पैसा आपल्याही खिशातून जातो. केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये देशाचे पहिले भूऔष्णिक धोरण जाहीर केले. या मंत्रालयाच्या संशोधन योजनेत सरकारी संस्थांना प्रकल्पाचा शंभर टक्के आणि उद्योगांना सत्तर टक्क्यांपर्यंत खर्च मिळू शकतो. दुसरे कारण घाटाखाली आहे, तिकडे नंतर येतो.

एवढी सरकारी मदत कशाला, हे काकांच्या पहिल्या बोअरवरून कळते. गरम पाणी किंवा वाफ वर आणायची, तिच्यावर चक्र फिरवायचे, वीज करायची आणि निवालेले पाणी दुसऱ्या बोअरने परत खाली सोडायचे, हे तंत्र जुने आहे. इटलीत लार्देरेल्लो इथे १९०४ मध्ये जमिनीतल्या वाफेवर पाच दिवे पेटवले होते. अडचण पैशाच्या क्रमाची आहे. पवनचक्कीला वारा आधी मोजता येतो. इथे खाली काय आहे हे बोअर मारल्याशिवाय कळत नाही, आणि दोन-तीन किलोमीटरच्या एका बोअरला तीसचाळीस कोटी रुपये सहज जातात. एकूण खर्चाचा तिसरा हिस्सा ते निम्मा या बोअरींतच संपतो. नव्या ठिकाणच्या पहिल्या बोअरी ढोबळ मानाने निम्म्याच लागतात. बँक अशा धंद्याला दारात उभे करत नाही. पाणाड्याच्या नारळावर कर्ज कोण देणार?

आइसलँडने यावर काढलेली युक्ती मला फार आवडते. तिथल्या सरकारी ऊर्जा निधीने १९६० च्या दशकापासून बोअरसाठी कर्जे दिली, अट अशी की गरम पाणी लागले तर कर्ज फेडा, नाही लागले तर माफ. आज त्या देशातली दहापैकी नऊ घरे जमिनीतल्या पाण्याने उबदार राहतात. केनियाने दुसरी वाट धरली. त्यांनी सरकारी कंपनी काढली, तिने स्वतः बोअरी मारायच्या आणि लागलेली वाफ वीजवाल्या कंपन्यांना विकायची. तोटा सरकारचा, पण वाफेचे पैसेही सरकारचे. आपल्याकडे अनुदान म्हटले की एकदा दिले आणि विसरले. फसलेल्या बोअरचा भार जनतेने उचलायचा असेल तर लागलेल्या बोअरचा वाटाही जनतेला मिळावा, निदान मला तरी तसे वाटते.

आणि पैशाचा धोका हा एकच धोका नव्हे.

दक्षिण कोरियात पोहांग शहराजवळ सरकारी मदतीने असाच प्रयोग चालू होता. चार किलोमीटर खालच्या कोरड्या गरम खडकात दाबाने पाणी सोडून भेगा पाडायच्या आणि त्यातून पाणी फिरवायचे. १५ नोव्हेंबर २०१७ ला तिथे ५.५ चा भूकंप झाला. शेकडो घरे पडझडीला लागली, शंभरावर माणसे जखमी झाली. सरकारनेच नेमलेल्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये सांगितले की सोडलेल्या पाण्याने तो जागा केला. रहिवासी कोर्टात गेले. २०२३ मध्ये भरपाईचा निकाल लागला आणि २०२५ मध्ये वरच्या कोर्टाने तो फिरवला. पाण्याच्या दाबाने जमीन हलते हे आम्हाला कोरियाने शिकवायला नको. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा आमच्या आजीच्या फळीवरचे तांबे खाली आले होते. ती गोष्ट आम्ही लहानपणी शंभरदा ऐकली. धरणात साठलेल्या पाण्याशी त्या धक्क्यांचे नाते जोडले गेले, आणि ते तपासायला केंद्र सरकारच्याच खर्चाने कोयनेच्या परिसरात तीन किलोमीटर खोल बोअर मारली गेली. साडेबाराशे मीटरच्या आसपास काळा दगड संपला आणि खालचा जुना खडक लागला. असली बोअर कुणा सावकाराने मारली नसती.

आपल्याकडे विकण्याइतक्या भूऔष्णिक विजेचा पहिला मान लडाखच्या पुगा खोऱ्याला मिळायचा आहे. चौदा हजार फुटांवर, मेंढपाळांच्या कुरणात, तिथे पाणी उकळत वर येते. ओएनजीसीने २०२१ मध्ये करार केला, सुरुवात एका मेगावॉटपासून करायची होती. ऑगस्ट २०२२ मध्ये बोअरमधून उसळलेले पाणी शेजारच्या ओढ्यात गेले आणि काम थांबवावे लागले. असल्या खोल पाण्यात बोरॉन, आर्सेनिकसारखे पदार्थ विरघळलेले असू शकतात. ओढा मेंढ्यांचा, पाणी पिणाऱ्यांचा. देशातली भूऔष्णिक क्षमता १०,६०० मेगावॉट म्हणून कागदावर वर्षानुवर्षे मांडली जाते, विकण्याइतकी वीज त्यातून अजून झालेली नाही.

आता घाटाखाली. आंबोली उतरून राजापूरकडे गेलेला बेळगावकर गंगेची आंघोळ करून उन्हाळ्याच्या कुंडावर थांबतोच. तिथल्या गावाचे नावच उन्हाळे. पाणी साधारण ४२ अंश. दगडी कुंडात उतरताना पहिल्या पायरीवर पाय मागे येतो, दुसऱ्या मिनिटाला बाहेर यावेसे वाटत नाही. कातडीच्या आजाराला गुण येतो म्हणून माणसे येतात, वाळत घातलेली ओली लुगडी, गंधकाचा पुसटसा वास, कठड्यावर साबण न वापरण्यावरून कुणाचे तरी भांडण. पुढे तुरळ, आरवली, उन्हवरे असे झरे लागतात. उन्हवऱ्याचे पाणी सत्तरच्या आसपास. यांच्याखालीही ज्वालामुखी नाही. सह्याद्रीवरचा पाऊस खोल भेगांतून खाली जातो, तापतो आणि दुसऱ्या भेगेतून वर येतो.

सत्तर अंशांवर वीज होते का? होते. अलास्कात चेना इथे २००६ पासून ७४ अंशांच्या पाण्यावर करतात. कमी तापमानाला उकळणारा दुसरा द्रव त्या पाण्याने तापवायचा आणि त्याच्या वाफेवर चक्र चालवायचे. पण चेनाला शेजारी चार अंशांचे थंड पाणी आहे. सगळा खेळ गरम आणि गार यांच्यातल्या फरकाचा आहे. तिथे फरक सत्तर अंशांचा, कोकणात वरचे पाणी अठ्ठावीस धरले तर बेचाळीसच उरतो. म्हणून इथे आणखी खोल, आणखी गरम पाण्यापर्यंत जावे लागेल. खडकातून पाण्यात विरघळलेल्या सिलिकाच्या प्रमाणावरून खाली शंभर अंशांच्या वर असावे असा अंदाज केला जातो. अंदाज खरा करायचा तर परत तीच पहिली बोअर.

आणि खालून पाणी ओढले तर वरच्या कुंडाचे काय? न्यूझीलंडने हे भोगले आहे. वैराकेईला १९५८ मध्ये वीजकेंद्र सुरू झाले आणि काही वर्षांत शेजारच्या खोऱ्यातले उसळते झरे मेले. काही जागी जमीन पंधरा मीटरपर्यंत खचली. रोटोरुआ शहरात लोकांनी घरोघरी बोअरी मारून गरम पाणी घेतले, तेव्हा पोहुतू हे मोठे कारंजे मंदावले. माओरी लोकांचे ते पूज्य स्थान. सरकारने १९८६-८७ मध्ये कारंज्यापासून दीड किलोमीटरच्या आतल्या बोअरी बंद करायला लावल्या. पुढच्या काळात झरे पुष्कळसे सावरले.

विस्थापनही आहेच. केनियात ओल्कारियाच्या नव्या केंद्रासाठी २०१४ मध्ये मसाई वस्त्या हलवल्या. नवी घरे पक्की होती, तरी जमिनीची कागदपत्रे हातात नव्हती आणि गुरे फिरवायला जागा अडचणीची. जागतिक बँकेचा पैसा होता, म्हणून तक्रार थेट बँकेच्या तपासणी मंडळाकडे नेता आली आणि शेवटी मध्यस्थीने करार झाला. हिडकलच्या जलाशयात पाणी उतरले की बुडालेले विठ्ठलाचे देऊळ दिसते. त्या गावांच्या लोकांना असा दरवाजा कुठे होता?

दरवाजा असला तरी त्यावरची पाटी वाचता यायला हवी. काही वर्षांपूर्वी एका प्रकल्पाची नोटीस आमच्या भागातल्या एका पंचायतीच्या भिंतीवर लागली होती, सगळी कन्नडमध्ये. पारावरच्या म्हाताऱ्यांचे शिक्षण मराठीतले. शेवटी नववीतल्या एका पोरीला बोलावले. तिने घडाघडा वाचले, 'आक्षेपणे' या शब्दाशी थांबली आणि म्हणाली, "आक्षेप असंल, आजोबा." आक्षेप घ्यायची तारीख चार दिवसांपूर्वीच होऊन गेली होती. कोकणात किंवा आणखी कुठे असली बोअर मारायची असेल तर झऱ्याचे तापमान, कुंडाची पातळी, आसपासच्या विहिरी, सगळे आधी वर्षभर मोजून गावाच्या भाषेत गावच्या भिंतीवर लावायला किती खर्च येईल? बोअरच्या दहा फुटांचाही नाही.

मोजण्यावरून आठवले. काकांची फेल गेलेली बोअर फरशी टाकून झाकली आहे. जमिनीची उष्णता मोजणारे शास्त्रज्ञ अशाच बोअरींत तापमापक सोडतात, हे भाच्याला सांगितले आणि चूक केली. पोराने नायलॉनची तीनशे फूट दोरी आणली, दर पन्नास फुटांना गाठ मारली, आणि वर ओढताना आकडा बदलू नये म्हणून तापमापक पाण्याच्या बाटलीत घालून बाटलीला पोत्याची गुंडाळी केली. रात्रभर खाली ठेवून पहाटे काढायचे ठरले. फरशी सरकवायला परवानगी मागायला गेला तेव्हा काका चहा पीत होते. "काढ की," म्हणाले. "एवढं पैसं घातलंय त्यात, ताप तरी बघून घ्या तिचा."