पोटातल्या प्लॅस्टिकचे विष : सागरी पक्ष्यांबाबतच्या एका प्रश्नाची पार्श्वभूमी

सागरी पक्षी प्लॅस्टिक गिळतात तेव्हा त्यातली रसायने त्यांच्या शरीरात उतरतात का, हा तो प्रश्न. 1966 साली हवाई द्वीपसमूहाच्या वायव्य टोकाकडच्या पर्ल अँड हर्मीस या प्रवाळबेटावर लेसन अल्बट्रॉस या मोठ्या सागरी पक्ष्याची मेलेली पिल्ले उघडून पाहण्यात आली. सुमारे तीन चतुर्थांश पिल्लांच्या पोटात प्लॅस्टिक सापडले. ही पिल्ले तेव्हा घरट्यातच होती. समुद्रावरून टिपून आणलेले ते तुकडे आईबापांनीच त्यांना भरवले होते. 1969 साली हे निरीक्षण छापून आले तेव्हा विषय होता न पचणाऱ्या वस्तूंचा. पोटात जागा अडते, आतडे तुंबते, भूक मरते, असा हा विचार होता आणि तो खोटाही नव्हता. पुढे सागरी पक्ष्यांचे अभ्यासक पीटर रायन यांनी कोंबड्यांना प्लॅस्टिकचे दाणे खाऊ घालून दाखवले की पोट असे भरलेले असले की पक्षी कमी खातो. पण प्लॅस्टिक स्वतः निष्क्रिय आहे, त्याचे रसायन शरीरात उतरत नाही, हे मात्र तेव्हा गृहीतच धरले गेले.

या गृहीतकाला पहिला धक्का 1972 मध्ये बसला. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यालगतच्या पाण्यात पॉलिस्टायरीनचे बारीक गोल कण सापडले आणि त्यांच्यावर पीसीबी ही विषारी औद्योगिक रसायने आढळली. पीसीबी पाण्यात फारशी विरघळत नाहीत. तेलकट पृष्ठभाग मिळाला की त्याला चिकटतात, आणि प्लॅस्टिक हा तसाच पृष्ठभाग. 1988 मध्ये रायन आणि सहकाऱ्यांनी ग्रेट शिअरवॉटर या सागरी पक्ष्यांमध्ये पोटातले प्लॅस्टिक आणि चरबीतले पीसीबी यांचा संबंध असल्याचे मांडले. 2001 मध्ये जपानमधील हिदेशिगे ताकादा यांच्या गटाने दाखवले की समुद्रात तरंगणाऱ्या कच्च्या प्लॅस्टिकच्या दाण्यांवर पीसीबीचे प्रमाण भोवतालच्या पाण्याच्या लाख ते दहा लाख पट असू शकते. 2005 पासून याच गटाने जगभरच्या किनाऱ्यांवरून लोकांकडून असे दाणे मागवून तपासायला सुरुवात केली.

इथे एक अडचण होती, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा भाग तोच आहे. पीसीबी मासळीतही असतात, माकूळमध्येही असतात. मग पक्ष्याच्या चरबीतले विष प्लॅस्टिकमधून आले की रोजच्या खाण्यातून, हे ठरवायचे कसे? काहींनी पीसीबींच्या कमी क्लोरीन असलेल्या प्रकारांकडे बोट दाखवले, कारण प्लॅस्टिक जास्त खाल्लेल्या पक्ष्यांत तीच अधिक दिसत होती. पण 2016 मध्ये नॉर्वेच्या किनाऱ्यावरील फुलमार पक्ष्यांच्या अभ्यासात प्लॅस्टिकचा अशा प्रदूषकांवरचा परिणाम नगण्य निघाला. आधीच प्रदूषित असलेले अन्न खाणाऱ्या पक्ष्याला प्लॅस्टिकला चिकटलेल्या विषाची भर फारशी जाणवत नाही, ही शंका रास्त होती.

कोडे सुटू लागले ते दुसऱ्या बाजूने. समुद्रात चिकटलेल्या रसायनांऐवजी कारखान्यात मुद्दाम मिसळलेल्या रसायनांकडे लक्ष गेले : आग रोखणारी, उन्हाने प्लॅस्टिक पिवळे पडू नये म्हणून घातलेली. 2013 मध्ये उत्तर प्रशांत महासागरातल्या 12 शॉर्ट-टेल्ड शिअरवॉटरपैकी 3 पक्ष्यांच्या चरबीत जास्त ब्रोमीन असलेली आगरोधक संयुगे सापडली. ते पक्षी जे मासे आणि माकूळ खातात त्यांत ती नव्हती. त्याच 3 पक्ष्यांच्या पोटातल्या प्लॅस्टिकमध्ये मात्र ती होती.

पण घट्ट बांधलेले रसायन प्लॅस्टिकबाहेर पडतेच कसे? याचे उत्तर या पक्ष्यांच्या शरीररचनेत आहे. शिअरवॉटर किंवा फुलमारचे पोट दोन भागांचे असते : आधी पिशवीसारखे मोठे जठर, मग अरुंद वळणापलीकडे पेषणी, म्हणजे अन्न दळणारी स्नायूंची पिशवी. कुरव न पचलेले भाग ओकून टाकतो. शिअरवॉटर आणि फुलमारमध्ये मात्र तुकडे पेषणीत अडकून हळूहळू झिजत राहतात. शिवाय अन्नातल्या चरबीपासून त्यांच्या जठरात एक दाट तेल साठते. लांबच्या उड्डाणाची ती शिदोरी आणि पिल्लाचा पोषक घास. तेलकट डाग नुसत्या पाण्याने निघत नाही, तसेच ही रसायने पाण्यात प्लॅस्टिक सोडत नाहीत. 2015 मधील प्रयोगात या जठरतेलात मात्र ती कितीतरी पटीने अधिक उतरली. पिल्लाला जगवणारे तेलच विषाला वाट करून देते, हे वाचताना आजही अस्वस्थ व्हायला होते.

2020 मध्ये थेट पुरावा मिळाला. स्ट्रीक्ड शिअरवॉटरच्या पिल्लांना पाच रसायने मिसळलेले प्लॅस्टिकचे दाणे खाऊ घातले, तेव्हा यकृतात आणि चरबीत त्यांचे प्रमाण नेहमीच्या दहा ते एक लाख पट झाले. दरम्यान 2019 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाऊ बेटावरील फ्लेश-फुटेड शिअरवॉटरच्या पिल्लांच्या रक्ततपासणीत प्लॅस्टिकसोबत कॅल्शियम घटल्याचे आणि कोलेस्टेरॉल वाढल्याचे दिसले होते. मात्र यातले किती रसायनांमुळे आणि किती तुकड्यांच्या निव्वळ इजेमुळे, हे वेगळे काढणे अवघड आहे.

धोरणाची गती याहून मंद राहिली. टिकाऊ सेंद्रिय प्रदूषकांबाबतचा, म्हणजे निसर्गात लवकर न विघटणाऱ्या विषारी कार्बनी रसायनांबाबतचा, स्टॉकहोम करार 2001 मध्ये झाला आणि पीसीबी पहिल्या यादीतच होती. डेकाबीडीई हे ब्रोमीनयुक्त आगरोधक त्यात 2017 मध्ये आले. अतिनील किरण शोषणारे यूव्ही-328 आले 2023 मध्ये. क्लोरीन, ब्रोमीन किंवा फ्लोरीन यांपैकी काहीही नसलेले यादीतले ते पहिलेच रसायन. 2020 च्या प्रयोगात पिल्लांना दिलेल्या पाच रसायनांपैकी या करारात आलेले एकच, डेकाबीडीई. यूव्ही-234, यूव्ही-326, यूव्ही-327 आणि बीपी-12 ही प्लॅस्टिकला उन्हापासून राखणारी उरलेली चार त्या यादीबाहेर आहेत.