बेकनचा पोप आणि रोममध्ये न पाहिलेलं मूळ चित्र

विसाव्या शतकातला ब्रिटिश चित्रकार फ्रान्सिस बेकनने १९५३ साली सतराव्या शतकातल्या स्पॅनिश चित्रकार वेलास्केझच्या पोप इनोसंट दहाव्याच्या व्यक्तिचित्रावरून केलेला ‘अभ्यास’ आज अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या एका संग्रहालयात आहे. कॅनव्हास सुमारे दीड मीटर उंच. सिंहासनाच्या जागी पिवळ्या रेघांचा सांगाडा, अंगावर जांभळा झगा, हातांच्या मुठी आवळलेल्या. वरून खाली सरळ ओढलेल्या फटकाऱ्यांआड पोप तोंड वासून किंचाळतोय.

मूळ चित्र १६५० च्या सुमाराचं, वेलास्केझच्या दुसऱ्या इटली दौऱ्यातलं. लाल पडदा, लाल खुर्ची, लाल टोपी, आणि त्या सगळ्यात तांबूस चेहऱ्याचा, संशयी नजरेचा म्हातारा. डाव्या हातात कागद, त्यावरच चित्रकाराची सही. ‘फारच खरं!’ असं पोप चित्र पाहून म्हणाल्याची आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, चित्र पोपच्या घराण्याकडेच राहिलं आणि आजही रोममध्ये त्याच घराण्याच्या वाड्यात आहे.

बेकनकडे हा पोप आला तो छापील पानांतून. चित्राच्या छापील प्रतींसाठी त्याने पुस्तकांमागून पुस्तकं विकत घेतली. १९४९ मध्ये लंडनला मांडलेल्या माणसाच्या डोक्यांच्या सहा चित्रांच्या मालिकेतल्या सहाव्या चित्रात पोपचा पेहराव पहिल्यांदा दिसतो. १९५० मधला एक पोप नष्ट झाला असंच बराच काळ धरलं जात होतं. तो पुढे सापडला. १९५१ मध्ये आणखी तीन आले. १९५३ च्या उन्हाळ्यात आठ चित्रांची मालिका झाली. तिची सुरुवात एका समीक्षकाला समोर बसवून झाली होती. रंगवता रंगवता त्या समीक्षकाचाही पोप झाला!

किंकाळी वेलास्केझकडची नाही. ती रशियन दिग्दर्शक आयझेनस्टाइनच्या १९२५ मधल्या ‘बॅटलशिप पोटेमकिन’ या चित्रपटातल्या, चष्मा फुटलेल्या, रक्ताळलेल्या बाईची. तिला फ्रेंच चित्रकार पुसँच्या एका चित्रातल्या आक्रोश करणाऱ्या आईची आणि पॅरिसमध्ये घेतलेल्या, तोंडाच्या रोगांवरच्या सचित्र पुस्तकाची जोड मिळाली. उभ्या फटकाऱ्यांसाठी इटालियन चित्रकार तिशियनच्या एका व्यक्तिचित्राकडे बोट दाखवतात; त्यात धर्मगुरूच्या अर्ध्या चेहऱ्यावरून पातळ पडदा सोडलेला आहे. शिवाय बेकन तेव्हा कॅनव्हासच्या प्रायमर (रंगाखालचा पायाथर) न मारलेल्या बाजूवर रंगवत असे. रंग कापडात लगेच मुरतो, चुकलं तर खरवडून काढता येत नाही. फटकाऱ्यांना जो कोरडा, ओरखडल्यासारखा पोत आहे, त्यात या सवयीचा वाटा मोठा आहे.

सर्वांत जास्त वाद आहे तो १९५४ च्या शरद ऋतूवरून. बेकन तेव्हा काही आठवडे रोममध्ये होता. ज्या चित्राने त्याला पाच वर्षं झपाटलं होतं ते त्याच शहरात होतं, आणि तो ते पाहायला गेला नाही. पुढे मुलाखतीत त्याने कारण दिलं ते भीतीचं: इतक्या थोर चित्राशी आपण जी ढवळाढवळ केली, ती मूळ चित्रासमोर उभं राहून आठवायची हिंमत नव्हती. हे कारण बहुतेक लेखांत जसंच्या तसं उतरतं. काहींना त्यात नम्रता दिसते, काहींना निव्वळ नाटक.

मला भीतीचं कारण अपुरं वाटतं. या पोपची एक छोटी आवृत्ती, फक्त चेहरा आणि खांदे असलेली, लंडनमध्येच आहे. एका इंग्रज सेनापतीच्या हाती १८१३ च्या स्पेनमधल्या लढाईनंतर लुटीतून आलेल्या चित्रांपैकी ती एक. ती जिथे आहे, तो त्याचा लंडनमधला वाडा १९५२ पासून लोकांना खुला झाला. म्हणजे वेलास्केझच्या हातचा मानला जाणारा तोच चेहरा बेकनच्या राहत्या शहरात होता. पण त्या आवृत्तीत खुर्ची नाही, हात नाहीत, पडदा नाही. बेकनने चेहऱ्यापेक्षा जास्त उचललं ते हेच: बसण्याची जागा, त्या जागेत कोंडलेला माणूस, हातांची पकड. ते सगळं छापील पानावर पुरेसं दिसतं. मूळचा लाल जाऊन जांभळा कसा आला, याचं काळ्यापांढऱ्या छपाईतून आला असावा हे स्पष्टीकरणही याच दिशेने जातं. त्याला सुरकुतलेला, रंगाचे डाग पडलेला छापील पोपच हवा होता. मूळ चित्राने त्यात भर घातली नसती, उलट अडचणच केली असती.

बेकनच्या १९५३ च्या या चित्राला सर्रास अमूर्त म्हटलं जातं. फटकारे आणि सांगाडा बघून तसं वाटतंही, पण बेकनला ते मान्य झालं नसतं. शुद्ध अमूर्त चित्रकला त्याला सजावटीच्या जवळची वाटे. माणसाचा आकार मोडायचा, पण सोडायचा नाही, हा त्याचा हट्ट शेवटपर्यंत होता.

आपल्याकडे हा हट्ट पोचला तो चित्रकार तय्यब मेहतांमार्फत. जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले मेहता १९५९ ते १९६४ लंडनमध्ये होते, आणि त्या वर्षांतल्या त्यांच्या कामावर बेकनचा ठसा आहे हे सर्वमान्य आहे. गोव्याच्या साळगावचे चित्रकार सूझा त्याआधीच, १९४९ पासून, लंडनला होते. त्यांचे धर्मगुरू मात्र घरच्या कॅथलिक बालपणातून आलेले. ते बेकनच्या खात्यावर टाकणं अन्यायाचं आहे.

बेकनने एकूण चाळिसाहून अधिक पोप रंगवले आणि नंतर ते सगळे फसलेले, मूर्खपणाचे ठरवले. तरी १९६२ मध्ये तो पुन्हा लाल पोपकडे वळला. १९७१ मध्ये पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनासाठी ते चित्र मिळेना, म्हणून त्याने दुसरी आवृत्ती केली आणि आरशात आपल्या जोडीदाराला बसवलं. प्रदर्शन उघडायच्या दोनच दिवस आधी तो जोडीदार पॅरिसच्या हॉटेलात मरण पावला. १९६२ चं चित्र २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ५.२७ कोटी डॉलरना गेलं. १९७१ ची आवृत्ती २०१७ मध्ये लंडनला लिलावात आली, तेव्हा तिला गिऱ्हाईक मिळालं नाही.