ब्लेकच्या आधी आणि नंतर : गॅरेथ थॉमस यांच्या विज्ञानकथा-मालिकांची पार्श्वभूमी

‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट लंडनमध्ये २७ डिसेंबर १९७७ रोजी प्रदर्शित झाला आणि त्यानंतर अवघ्या सहा दिवसांनी, २ जानेवारी १९७८ रोजी, बीबीसी वनवर ‘ब्लेक्स सेव्हन’ या अंतराळमालिकेचा पहिला भाग दाखवला गेला. या दोहोंची तुलना होणे अपरिहार्य होते आणि दृश्यवैभवाच्या बाबतीत बीबीसीचा निभाव लागणे शक्यच नव्हते. ज्या पोलीसमालिकेच्या जागी ही मालिका आली, तिच्याइतक्याच पैशांत अंतराळयाने, परग्रह आणि लढाया दाखवायच्या होत्या. परिणामी परग्रह म्हणून इंग्लंडमधल्या दगडखाणी वापरल्या गेल्या, यानाच्या आतल्या भागाचे चित्रीकरण स्टुडिओत व्हिडिओटेपवर झाले आणि प्रेक्षकाला त्या जगावर विश्वास ठेवायला लावण्याची बरीचशी जबाबदारी संहितेवर आणि नटांवर येऊन पडली. या मालिकेत ब्लेक हा बंडखोर नायक साकारणारे वेल्श अभिनेते गॅरेथ थॉमस यांच्या दूरचित्रवाणीवरील कारकिर्दीकडे पाहताना ही परिस्थिती लक्षात ठेवावी लागते. त्या काळच्या ब्रिटिश विज्ञानकथा-मालिकांना रंगभूमीवर घडलेल्या, संवाद पेलू शकणाऱ्या नटांची गरज होती आणि थॉमस तसे नट होते.

१२ फेब्रुवारी १९४५ रोजी जन्मलेल्या थॉमस यांनी लंडनच्या ‘राडा’ या प्रख्यात नाट्यसंस्थेत शिक्षण घेतले. १९६७ च्या ‘क्वाटरमास अँड द पिट’ या विज्ञानभयपटात ते एका कामगाराच्या अगदी किरकोळ भूमिकेत दिसतात. खरी दखल घेतली गेली ती १९७२ मध्ये, ‘स्टॉकर्स कॉपर’ या बीबीसीच्या दूरचित्रवाणी-नाटकामुळे. १९१३ साली कॉर्नवॉलमधल्या चिनीमातीच्या खाणीतील कामगारांनी पुकारलेला संप मोडून काढण्यासाठी वेल्समधून पोलीस आणले गेले होते. त्यांपैकी एक पोलीस एका संपकऱ्याच्याच घरी मुक्कामाला राहतो, दोघांत जिव्हाळा निर्माण होतो आणि तरीही शेवटी तो आपल्या सरकारी कामगिरीवर हजर होतो. या पोलिसाच्या भूमिकेसाठी थॉमस यांना बाफ्टा या ब्रिटनमधल्या चित्रपट-दूरचित्रवाणी पुरस्काराचे नामांकन मिळाले. पुढे ज्यांची ओळख बंडखोर नायक म्हणून झाली, त्यांना पहिली मान्यता बंड चिरडणाऱ्या शिपायाच्या भूमिकेने मिळवून दिली, ही गोष्ट त्यांच्याविषयीच्या लेखनात फारशी अधोरेखित होत नाही.

विज्ञानकथेकडे ते दोन अगदी भिन्न मालिकांतून आले. १९७६ मधल्या ‘स्टार मेडन्स’ या ब्रिटिश-जर्मन मालिकेत मेडुसा नावाच्या ग्रहावर स्त्रियांची सत्ता असते आणि पुरुष घरकामाला जुंपलेले असतात. तिथून पृथ्वीवर पळून येणाऱ्या दोघांपैकी शेम ही भूमिका थॉमस यांनी केली. कल्पनेत गंमत असली तरी तेरा भागांची ही मालिका फार काळ कुणाच्या लक्षात राहिली नाही. याउलट १९७७ मध्ये एचटीव्हीवर सात भागांत प्रसारित झालेली ‘चिल्ड्रन ऑफ द स्टोन्स’ ही मुलांसाठीची मालिका आजही आवर्जून पाहिली जाते. वेल्स आणि इंग्लंडचा पश्चिम भाग हे या वाहिनीचे प्रसारणक्षेत्र होते. प्रागैतिहासिक शिळावर्तुळाने वेढलेल्या एव्हबरी या खऱ्याखुऱ्या गावात मालिकेचे चित्रीकरण झाले. कथेत त्याचे नाव मिलबरी आहे. तिथे आपल्या मुलाला घेऊन संशोधनासाठी येणारा खगोलशास्त्रज्ञ ॲडम ब्रेक थॉमस यांनी साकारला. संशय यावा इतक्या प्रसन्नपणे गावकरी एकमेकांना अभिवादन करतात, पार्श्वभूमीला केवळ मानवी आवाजांचे अस्वस्थ करणारे संगीत असते आणि हळूहळू उलगडत जाते की ही प्रसन्नता माणसांवर लादलेली आहे. मुलांच्या वेळेत हे दाखवण्याचे धाडस एचटीव्हीने कसे केले असेल, असा प्रश्न आज पडतो. थॉमस यांनी त्यातला शास्त्रज्ञ कोणताही अभिनिवेश न आणता, समंजस बापासारखा उभा केला आणि म्हणूनच त्याच्या भोवतीची भीती खरी वाटते.

‘ब्लेक्स सेव्हन’चे जनक टेरी नेशन हेही वेल्सचेच, त्यांचा जन्म १९३० मध्ये कार्डिफला झाला. ‘डॉक्टर हू’ या बीबीसीच्या विज्ञानकथा-मालिकेतले डॅलेक हे परग्रही शत्रू त्यांचेच अपत्य आणि साथीच्या रोगाने उद्ध्वस्त झालेल्या जगाची ‘सर्व्हायव्हर्स’ ही १९७५ मधली मालिकाही त्यांचीच. नव्या मालिकेच्या पहिल्या हंगामातले तेराही भाग त्यांनी एकट्याने लिहिले. निर्माते डेव्हिड मॅलोनी होते आणि संहिता-संपादनाचे काम ख्रिस बाउचर पाहत होते. पहिला भाग आजही अंगावर येतो. रॉज ब्लेक हा घुमटाखालच्या शहरात राहणारा एक आज्ञाधारक नागरिक आहे. आपण कधीकाळी विरोधकांचे नेते होतो आणि राज्यकर्त्या फेडरेशनने आपली स्मृती पुसून टाकली आहे, हे त्याला कळते. गुप्त सभेला जमलेल्या निःशस्त्र लोकांची त्याच्यादेखत कत्तल होते. त्याच्यावर राजकीय खटला चालवला तर तो हुतात्मा ठरेल, म्हणून मुलांवर अत्याचार केल्याचा खोटा आरोप ठेवला जातो आणि त्याला कैद्यांच्या ग्रहावर पाठवले जाते. त्याचा बचाव करणारा वकील सत्य शोधू लागताच मारला जातो. यात एकही अंतराळयुद्ध नाही. थॉमस यांच्या चेहऱ्यावरचा अविश्वास, मग संताप आणि अखेरीस शांत निर्धार यांवरच हा भाग उभा आहे.

पुढे ‘लिबरेटर’ हे बेवारस यान हाती लागल्यावर ब्लेकभोवती चोर, तस्कर आणि अपहार करणारा संगणकतज्ज्ञ एव्हॉन अशी मंडळी गोळा होतात. पॉल डॅरो यांनी रंगवलेला थंड, उपरोधिक एव्हॉन प्रेक्षकांना इतका भावला की मालिकेचा तोल त्याच्याकडे झुकू लागला. तरीही एव्हॉनच्या टोमण्यांना धार आहे, कारण समोर थॉमस यांचा ब्लेक ठाम उभा आहे. ध्येयासाठी साथीदारांचे प्राण पणाला लावण्याइतका तो हट्टी आहे आणि दुसऱ्या हंगामात तर तो धोकादायक वाटावा इतका एकारलेला होतो. हा काठिन्याचा पैलू थॉमस यांनी लपवला नाही, हे मला त्यांचे मोठे यश वाटते.

दुसरा हंगाम १९७९ मध्ये संपला आणि थॉमस रॉयल शेक्सपिअर कंपनीत जाण्यासाठी मालिकेतून बाहेर पडले. लोकप्रियता ऐन भरात असताना रंगभूमीवर परतणे हे त्या पिढीच्या ब्रिटिश नटाला अस्वाभाविक वाटत नसे. बीबीसीपुढे मात्र विचित्र पेच उभा राहिला, कारण मालिकेच्या नावातला ब्लेकच नाहीसा झाला होता. नाव तसेच ठेवून आणखी दोन हंगाम काढण्यात आले. तिसऱ्याच्या अखेरीस थॉमस थोडा वेळ दिसले आणि शेवटच्या भागासाठी ते परतले ते ब्लेकला निर्विवादपणे मारावे या अटीवर. २१ डिसेंबर १९८१ रोजी, नाताळच्या तोंडावर, तो भाग दाखवला गेला. ब्लेकने आपला विश्वासघात केला, अशा गैरसमजातून एव्हॉन त्याच्यावर गोळ्या झाडतो. नंतर साथीदार एकामागून एक कोसळतात आणि सैनिकांच्या गराड्यात एकटा उरलेला एव्हॉन बंदूक उचलून हसतो. एकूण ५२ भागांपैकी ब्लेक २८ भागांतच आहे, पण मालिकेचा शेवट त्याच्यावाचून होऊ शकला नाही.

त्यानंतर थॉमस विज्ञानकथेत अडकून राहिले नाहीत. १९८४ मधल्या ‘मॉर्गन्स बॉय’ या मालिकेत त्यांनी वेल्सच्या डोंगराळ भागातला एकलकोंडा शेतकरी रंगवला आणि त्यांना पुन्हा बाफ्टाचे नामांकन मिळाले. १९८७ च्या ‘नाइट्स ऑफ गॉड’मध्ये ते पुन्हा प्रतिकाराचा नेता झाले, या वेळी धर्मसत्तेच्या जुलमाखालच्या भावी ब्रिटनमधला, ओवेन एडवर्ड्स नावाचा वेल्श नेता. २००५ पासून ‘डॉक्टर हू’ची निर्मिती कार्डिफमध्ये होऊ लागली आणि वेल्स हेच ब्रिटिश विज्ञानकथा-मालिकांचे केंद्र बनले. त्याच परिवारातल्या ‘टॉर्चवूड’च्या २००६ मधल्या एका भागात थॉमस यांनी एड मॉर्गन हा म्हातारा केला. १९६३ मध्ये एका मुलीचा खून करून चार दशके लपत राहिलेला हा भेदरलेला, चिरडलेला गुन्हेगार ब्लेकच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे.

२०१२ पासून ‘बिग फिनिश’ या कंपनीने ‘ब्लेक्स सेव्हन’च्या नव्या श्राव्यकथा काढायला सुरुवात केली आणि पात्राचा अंत व्हावा म्हणून अट घालणाऱ्या थॉमस यांनी त्यांत स्वतः ब्लेकला आवाज दिला. या कथा पूर्वीच्या काळात घडत असल्यामुळे १९८१ च्या शेवटाला धक्का लावावा लागला नाही. १३ एप्रिल २०१६ रोजी, वयाच्या ७१ व्या वर्षी, थॉमस यांचे निधन झाले.